दोक्तरासाठी लिवनारी मादाम ओदेत

मादाम ओदेत बसायच्या आधी खुर्ची पुसायची. सांत्र द फ्लाक गावच्या त्या दवाखान्यात त्या खुर्चीवर दुसरं कोन बसतच नव्हतं, तरी पुसायची. मग छत्री भिंतीला उभी करायची, टोपी काढून छत्रीच्या मुठीवर ठेवायची, पेनाचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढून बगायची, आनि दोक्तराला बोलायची, "बोला." दोक्तर मालक, वयानं मोठा. पन ती "बोला" बोलंपर्यंत तो तोंड उघडायचा नाय.

दोक्तराचा उजवा हात थरथरायचा. डोकं ठीक, कान ठीक, पन पेन धरलं की कागदावर मुंग्या पळाल्यासारखं व्हायचं. म्हनून तो बोलायचा आनि मादाम लिवायची. कोन आलं, काय दुकतंय, किती दिवस, दोक्तरानं काय बगितलं, काय औषद दिलं. एकेका मानसाचं एकेक कार्ड. अठरा वर्सं ती हेच करत होती. उंच बाई, माएबूर्ग गावच्या मासेवाल्याची पोरगी, केस मागं ओढून घट्ट बांधलेले, कपड्याला कापराचा वास. क्रेओल बोलायची, आमच्या बेटावरची सगळ्यांची भाषा. मी आपल्या बोलीत सांगते, पन तिचं सगळं क्रेओलमदी होतं.

मी तिच्याकडं शिकायला गेले ते शहात्तर-सत्त्याहत्तर साल असंल. आमी साखर कारखान्याच्या वस्तीत ऱ्हायचो. उसाची गाडी उलटली ती माज्या नवऱ्याच्या कमरेवर. त्या दिवसापासून तो खाटेवर. मी शाळेत सहावीपर्यंत, मग उसात. दोक्तर महिन्यातून एकदा नवऱ्याला बगायला यायचा. बाटल्या चार होत्या, त्यावरची औषदांची नावं मला कळायची नायत. म्हनून मी बाटलीवरची अक्षरं कागदावर होती तशी काढली, आनि बाजूला सूर्य काढला नायतर चंद्र, कवा द्यायचं ते कळायला. तो कागद खाटेवर भिंतीला लावला होता.

दोक्तर बराच वेळ त्या कागदाकडं बगत बसला. मग बोलला, "ह्या शब्दांचा अर्थ तुला कळतो?"

"नाय."

"मग एक बी अक्षर कसं चुकलं नाय?"

"जे होतं ते काढलं."

पुढच्या सोमवारी त्यानं मला दवाखान्यात बोलावलं, मादामच्या समोर उभी केली, आनि दोघींना एकदमच सांगितलं. मादामचे डोळं कमी होतायत. ही तीन महिन्यांत तयार झाली तर खुर्ची हिची. नाय झाली तर ही परत उसात, आनि मादाम, तुमी जमंल तसं चालवा.

मादामला नवरा नव्हता, पोर नव्हतं. एक बहीन होती, तिचंच पोट कसंबसं भरत होतं. मला शिकवलं नाय तर तिची खुर्ची ऱ्हानार होती. हे मला कळत होतं, तिला कळत होतं. दोक्तराला कळलं होतं का, ठाऊक नाय.

तिनं पयल्या दिवशी माजंच कार्ड करायला घेतलं. नाव पार्वती, वय, वस्ती. मग, "नवऱ्याचं नाव?"

मी गप.

"नवरा हाय ना?"

"हाय."

"मग त्याला नाव बी असंल."

मी बोलले, "पेन द्या." पेन घेतलं आनि कार्डावर लिवलं.

ती माज्याकडं बगत ऱ्हायली. "तोंडातून येत नाय ते हातातून येतं?"

"लिवायला कुनी मना केलं नाय."

तवा ती हसली. कमी हसायची, नाकातून हवा सोडल्यासारखी. बोलली, "अठरा वर्सं झाली. तुमच्या बायका मला नवऱ्याचं नाव सांगत नायत. कुनी बोलते पोरीचा बाप. कुनी बोलते आमच्या घरातले. एक तर खिडकीतून बोट दावायची, तो बगा, टोपीवाला." मग तिनं मला पयला नियम सांगितला. नवऱ्याचं नाव बायकोला विचारायचं नाय, रांगेतल्या तिच्या मागच्या बाईला विचारायचं. "मागची बाई सगळं सांगते. नाय विचारलं ते बी सांगते."

पंधरा दिवस तिनं मला पेन दिलं नाय. बाजूला स्टुलावर बसवलं, नुसतं ऐकायला. रांग संपली की विचारायची, तिसरी बाई काय बोलली, सातवा मानूस काय बोलला. एक म्हातारी आली होती. मी सांगितलं, "तिच्या पोटात दुकतंय."

"ती असं बोलली?"

"हो."

"ती बोलली, पोटात उंदीर कुरतडतोय, जेवले की गप बसतो, उपाशी ऱ्हायले की परत. कुटं गेला तुजा उंदीर?"

मी बोलले, उंदीर म्हंजे दुकनंच की.

"ते दोक्तर ठरवंल. तू उंदीर मारून आनलास तर तो काय बगनार? मनानं लिवू नको." हे ती दिवसातनं दहा वेळा बोलायची. पा माझिने. मनानं लिवू नको.

मग पेन दिलं. माजे हात उसाचे, बोटं जाड, भेगा पडलेल्या. पेन सटकायचं. तिनं पेनाला दोरा गुंडाळून दिला. "कोयता नाय तो, जरा सैल धर." मी हळू लिवायची. ती बोलायची, "तो मानूस मरून त्याचं जेवान झालं, अजून तुजा 'ताप' लिवून होत नाय." रांगेतली मानसं हसायची. मी खाली मान घालून लिवायची. राग यायचा, पन राग घेऊन कुटं जानार. घरी सासू विचारायची, झालं का शिकून? मी बोलायची, होतंय.

एक गोष्ट मी दुसरीकडं कुटंच बगितली नाय. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ती एक बारीक निशानी करायची. त्या निशानीवरनं मानसाचा उपास कुटला ते कळायचं. आमच्यात सोमवार, गुरवार, कुनाची चतुर्थी. मुसलमानांचे रोजे. तमिळ मानसांचा कावडीचा उपास. क्रेओलमदी सगळ्यालाच कारेम बोलतात. ती स्वता शुक्रवारी मासं खायची, मटन नाय. दोक्तरानं जेवल्यावर घ्यायची गोळी दिली की ती कोपरा बगून बोलायची, "मुस्ये, ही सोमवारी जेवत नाय." दोक्तर, तिचा मुस्ये, म्हंजे साहेब, मग बदलून द्यायचा. कुनी सांगितलं नव्हतं तिला असं करायला.

लिवायचा सराव तिनं मला मेलेल्यांच्या कार्डांवर दिला. बिस्किटाच्या मोठ्या डब्यात ती ठेवलेली होती, दोन डबे. बोलली, "ह्यांची उतरून काढ. ह्यांच्यात तू चुकलीस तरी कोन तक्रार करायला येनार नाय." मी रोज दहा-बारा उतरायची, जुन्या क्यालेंडरच्या मागं.

त्यातच एक दिवस माज्या पयल्या पोरीचं कार्ड आलं. अकरा महिन्यांची होती. तीन ओळी होत्या. ताप. आकडी. शेवटची ओळ, उशिरा आनली.

मी थांबले. मादाम बोलली, "काय झालं? अक्षर लागत नाय?"

"लागतंय. ही माजी हाय."

मग मी बोलले, "उशिरा नव्हती आनली. दोन दिवस पूल पान्याखाली होता. पानी उतरलं तवा मी पयली आले."

"ते तू तवा सांगितलं होतंस?"

"कुनी विचारलं नाय."

तिनं कार्ड माज्या हातातून घेतलं, डोळ्याजवळ नेलं, नाकाला लागंल इतकं जवळ. "माजंच अक्षर," बोलली. "दोक्तर बोलला ते मी लिवलं." मला वाटलं, ती खोडंल. खोडलं नाय. परत माज्या पुढं ठेवलं. "हाय तसं उतर."

मी उतरलं. पन त्या दिवसानंतर मी बगितलं, जो मानूस उशिरा यायचा त्याला ती विचारायची, कसा आलास, वाटेत काय होतं. आनि ते बी मला लिवायला लावायची.

दोन महिने झाल्यावर मला तिचं एक कळलं. जुनी मानसं आली की ती कार्ड हातात घेऊन फडाफडा वाचायची. नवीन मानूस दुसऱ्यांदा आला की कार्ड माज्याकडं सरकवायची. "वाच, तुजा सराव होऊ दे." एकदा मी मुद्दाम जुन्या बाईचं कार्ड उलटं दिलं. मादामनं उलटंच धरलं आनि सगळं बरोबर वाचलं, गेल्या वर्साच्या खोकल्यापर्यंत. ती जे वाचत होती ते डोक्यातनं वाचत होती. दोक्तराला वाटत होतं डोळं कमी झालेत. ते कमी नव्हते झाले, गेलेच होते. हातभर लांबचं मानूस तिला धुरातल्यासारखं दिसत असंल.

मी कुनाला सांगितलं नाय. का नाय सांगितलं? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची माजी. पन तवा मला सगळं येत नव्हतं, आनि हे मला ठाऊक होतं.

तीन महिने संपायला दहा दिवस ऱ्हायले. मादाम आता मला खुर्चीवर बसवायची आनि आपन मागं उभी ऱ्हायची. चांगलं झालं की एकच शब्द, "कोरेक," म्हंजे बरोबर. त्या आठवड्यात तिनं तो चार वेळा दिला होता. मी मोजत होते.

शुक्रवार होता. सीता आली, बाजूच्या वस्तीतली, आपल्याच मानसांतली. नवरा बाहेर बाकड्यावर, तापानं मान टाकलेली, पाय सुजून दुधी भोपळ्यासारखा. ऊस तोडताना कोयता लागला होता. मी विचारलं, कार्ड कुनाचं काढू?

ती बोलली, "आमच्या घरातले."

मागं बाई उभी होती. तिला विचारायचं होतं. पन मला वाटलं, सीता आपली, तिला काय मी ओळखत नाय? गनपतीला नदीवर तिला बगितलेली, तुकारामच्या पोरांना हाताला धरून उतरत होती. हिचा नवरा तोच समजून मी तुकारामचं कार्ड काढलं.

नवऱ्याला आत आनून बसवला. दोक्तरानं पाय दाबून बगितला तसा तो "आई गं" ओरडला. दोक्तर बोलला पेनिसिलीनची सुई. मग दर वेळेला विचारायचा तसं विचारलं, "कार्डावर काय?"

मी वाचलं. डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यात गेलेली. दात. खोकला. "पेनिसिलीनचं काय नाय."

सुई देनारा लुई सुई भरायला लागला. मी कार्डावर आजची तारीख लिवत होते.

मादाम मागनं पुढं आली. त्या मानसाला बोलली, "डावा हात दे." त्यानं तापातच दिला. तिनं त्याची बोटं एकेक करून चाचपली, अंगठ्यापासून. परत एकदा चाचपली. मग बोलली, "मला पाच लागतायत. कार्डावर तीन हायत."

लुईचा हात थांबला. सीता दारात उभी होती, तोंडावर पदर. रांगेतली मागची बाई आत डोकावून बोलली, "अगं, हा रघुनाथ की. तुकाराम ह्याचा मोठा भाव. पोरं तुकारामची, आई मेली म्हनून हीच सांबाळते."

मी रघुनाथचं कार्ड काढलं. त्यावर मादामच्या अक्षरात, लाल शाईनं, दोन वेळा खाली रेघ मारून लिवलं होतं. ह्या मानसाला पेनिसिलीन द्यायचं नाय. मागच्या वेळी घसा सुजून मरता मरता वाचला होता.

दुसरी सुई दिली. रघुनाथ घरी गेला. त्याला काय ठाऊक बी नव्हतं. तो माज्या समोर बसला होता, हात मांडीवर, पाच बोटं. मी कार्डावरचं वाचलं, हाताकडं बगितलं नाय.

मला वाटलं होतं मादाम सांबाळून घेईल. दोक्तराला सगळं कळलं नव्हतं. त्याला वाटलं असंल लुईच्या हातून कार्डाची अदलाबदल झाली. रांग संपल्यावर मादाम त्याच्या समोर उभी ऱ्हायली आनि बोलली, "पार्वतीनं चुकीचं कार्ड काढलं. मागच्या बाईला विचारलं नाय. मनानं काढलं."

दोक्तर माज्याकडं बगून बोलला, "सोमवारपासून येऊ नको."

मी पदर नीट केला. स्टुलावरची पिशवी उचलली. खरं सांगायचं तर तवा मला चुकीची लाज कमी वाटली, मादामचा राग जास्त आला. मला वाटलं, ह्यासाठीच तीन महिने वाट बगितली हिनं. आता खुर्ची तिला ऱ्हायली.

मी दारापर्यंत गेले असंन. मागनं मादाम बोलली, "मुस्ये, मग सोमवारी कोन लिवनार?"

"तुमी."

"मला दिसत नाय."

"कमी दिसतं, ठाऊक हाय."

"कमी नाय. दिसत नाय. वरीस झालं. जुनी कार्डं मला पाठ हायत, ती मी बोलून दावते. नवीन सगळी हिनं वाचलीत. आज लुईच्या हातात काय होतं ते मला दिसलं नाय. ह्या मानसाचा आवाज तुकारामचा वाटला नाय म्हनून हात मागितला. त्यानं तोंड उघडलं नसतं तर मी बी गप उभी ऱ्हायले असते."

दोक्तर खाली बसला. त्याचा हात टेबलावर होता, तो टकटक वाजत होता. तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. बाहेर बाजारातल्या बसचा हॉर्न ऐकू येत होता.

मग मादाम बोलली, "दुसरी कोन आनाल तर ती ही चूक अजून करायची हाय. हिची करून झाली."

दोक्तर मला बोलला, "सोमवारी वेळेवर ये." मादामला काय बोलला नाय. तिनं छत्री घेतली, टोपी घातली. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली. आता लपवायचं काय नव्हतं. त्या आधी ती कदी भिंतीला हात लावायची नाय.

मी तिच्या मागं गेले. रस्त्यावर बोलले, "मादाम, दोक्तराला सांगायचं नव्हतं तुमी."

"कुटलं? तुजं का माजं?"

"दोनी."

"एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं," बोलली, आनि बसच्या बाजूला तोंड करून उभी ऱ्हायली. कुटली बस ते मला विचारलं. मी सांगितलं.

ती अजून पंधरा दिवस आली. माज्या मागं उभी ऱ्हायची नाय, बाहेर बाकड्यावर मानसांत बसायची. जुन्या कार्डांत न लिवलेलं जे तिच्या डोक्यात होतं ते एकेकाचं मला सांगायची आनि मी लिवायची. कुनाला गोळी गिळता येत नाय. कोन दारू पितो आनि नाय बोलतो. कुटल्या बाईला नवऱ्यासमोर विचारायचं नाय. पंधरा दिवसांत कार्डांची सगळी पेटी भरली. शेवटच्या दिवशी ती निगाली तशी निगाली, रोजच्यासारखी. दोक्तर बाहेरपर्यंत आला होता. तिला ते दिसलं नसंल.

मग ती बहिनीकडं ऱ्हायली, फ्लाकपासून दोन बस-थांब्यांवर. मी दोनदा गेले, भाजी घेऊन. पयल्यांदा बसवलं. दुसऱ्यांदा बोलली, "सुट्टी एकच असते तुला, घरी मानूस खाटेवर हाय, इकडं काय येतेस." मग मी गेले नाय. नवरा अठ्ठ्याहत्तरला गेला. सासू त्याच्या पुढच्या वर्सी. दोन पोरं मी त्या खुर्चीवर बसून मोठी केली. रघुनाथ अजून यायचा, पायासाठी नाय, रगतातल्या साखरेसाठी.

मादामला शेवटची बगितली ती पंच्याऐंशी-शहाऐंशीला. मंगळवार होता, बाजारचा दिवस, दवाखान्यात गर्दी. मी पुढचं नाव घ्यायला दारात आले, आनि रांगेत ती उभी. वाळली होती. टोपी नव्हती, डोक्याला रुमाल. एक हात पुढच्या मानसाच्या खांद्यावर, म्हंजे रांग सरकली की कळावं. बहिनीची पोरगी भिंतीजवळ सावलीत उभी होती.

मी तिच्याजवळ जाऊन तिचा दंड धरला. "मादाम, पार्वती. चला आत."

तिनं मान माज्या आवाजाकडं वळवली. "माजा नंबर आलाय?"

"नाय, पन तुमी कशाला उभ्या? दोक्तर काय बोलनार नाय."

"आत कोन बसलंय?"

"दोक्तर, आनि एक बाई हाय, तपासायला."

"आनि लिवतंय कोन?"

मी बोलले, "आता कोन नाय. मी इथं आले ना."

"ती बाई काय सांगतेय ते कोन ऐकतंय मग?"

तिनं माजा हात आपल्या दंडावरनं काढला, हळूच, आनि परत पुढच्या मानसाच्या खांद्यावर आपला हात ठेवला. "जा."

मी आत जाऊन बसले. त्या बाईला बोलले, परत सांगा, पयल्यापासून. तिनं सांगितलं, मी लिवलं. मग पुढचं नाव घेतलं. मादामच्या पुढं अजून अकरा मानसं होती.